त्या रात्री डॉक्टरांनी नेमकं काय केलं होतं?

प्रश्न : माझं वय ३६. तेरा वर्षांपासून एका विमा कंपनीत आकडेवारीच्या विश्लेषणाचं काम करते. पगार चांगला आहे, वरिष्ठ समाधानी आहेत, तक्रार करावी असं काही नाही. गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आम्ही वेळेत पोचलो म्हणून त्यांना गुठळी विरघळवणारं औषध देता आलं. तिथल्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून सगळं शांतपणे समजावलं. ती दहा मिनिटं मी विसरूच शकत नाही.

पुढे पाच महिने एक स्पीच थेरपिस्ट यायच्या. बाबांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं. त्या बाबांचा डावा हात हातात घ्यायच्या आणि एकेका अक्षराला त्यावर हलकेच टकटक करत शब्द सुरात म्हणायच्या. आधी स्वतः, मग दोघं मिळून, मग बाबा एकटे. एकविसाव्या दिवशी बाबांच्या तोंडून 'पाणी' आलं तेव्हा मी आतल्या खोलीत होते, तिथून धावत आले. बाबा चिडले की त्या गप्प बसून राहायच्या, घाई करायच्या नाहीत. रोजचं सगळं वहीत लिहायच्या. ती वही मी मागून घेतली, अजून जपून ठेवली आहे. आता बाबा छोटी वाक्यं बोलतात.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे, डॉक्टर व्हायचं. नवरा म्हणतो, खुशाल कर. आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मुलगी सहा वर्षांची आहे. मी डॉक्टर होईन तेव्हा पंचेचाळिशी गाठलेली असेल. उशीर झालाय का? जे असेल ते खरं सांगा.

उत्तर :

उशीर झालेला नाही. तुम्ही हे ऐकण्यासाठी लिहिलंय आणि ते खरंही आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. पण तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी नजर वयाच्या ओळीवर नाही, त्या वहीवर अडली. डॉक्टर तुमच्या पत्रात एकदाच येतात, दहा मिनिटांसाठी. वही, टकटक, एकविसावा दिवस आणि बाबांच्या चिडण्यासमोर गप्प बसून राहणं हे सगळं दुसऱ्या एका बाईंचं आहे. आणि पत्राचा शेवट मात्र होतो 'डॉक्टर व्हायचंय' या वाक्यावर. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी आहे.

आधी त्या दहा मिनिटांबद्दल बोलू, कारण ती तुम्ही खुर्चीत बसून पाहिलीत आणि मी अशा अनेक रात्री समोरच्या बाजूला उभी राहिले आहे.

पक्षाघाताचा रुग्ण येतो तेव्हा डॉक्टरांना सर्वांत आधी एकच गोष्ट हवी असते : हे कधी सुरू झालं? वेळ सांगता आली नाही, तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साधारणपणे सुरुवातीपासून साडेचार तास. आधी ती तीनच तासांची होती, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीनंतर वाढली. त्या मुदतीत सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहायचं, कारण तो असेल तर हेच औषध जीव घेईल. रक्तदाब पाहायचा, साखर पाहायची, रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का ते विचारायचं. आणि तुम्ही ज्या शांतपणाची आठवण जपलीय, त्या शांतपणात डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलं असणार ते साधारण असं : या औषधाने सुधारण्याची शक्यता वाढते, पण काही रुग्णांच्या मेंदूत त्यानेच रक्तस्राव होतो. १९९५ साली अमेरिकेतली जी चाचणी प्रसिद्ध झाली आणि ज्यामुळे हे औषध रूढ झालं, तिच्यात औषध दिलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांना असा रक्तस्राव झाला. न दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. तरी तीन महिन्यांनी बघितलं तर फारसं अपंगत्व न उरलेले लोक औषध दिलेल्या गटात जास्त होते. म्हणून ते देतात.

तुम्ही विमा कंपनीत आकडे वाचता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. फरक एवढाच की तिथे शंभरातले सहा हा एक दर असतो. त्या रात्री डॉक्टरांसमोर शंभर माणसं नव्हती, तुमचे बाबा होते. ते सहातले निघाले असते तर पुढची दहा मिनिटंही त्याच डॉक्टरांना त्याच खुर्चीसमोर उभं राहून काढायची होती.

हे डॉक्टरचं काम. समजावणं हा त्याचा एक भाग, आणि तो मनापासून करणारे डॉक्टर भेटले हे तुमचं भाग्य. पण त्याचा गाभा म्हणजे अपुऱ्या माहितीवर, घड्याळाकडे बघत ठरवायचं आणि जे होईल ते आपल्या नावावर घ्यायचं. तुमचे बाबा वॉर्डात हलले तेव्हा त्या डॉक्टरांसमोर बहुधा पुढचा रुग्ण होता. बाबा पहिल्यांदा 'पाणी' म्हणाले तेव्हा ते तिथे नव्हते. कदाचित त्यांना ते कधी कळलंही नसेल. मला स्वतःला कितीतरी बाबतीत कळलेलं नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा, आणि उत्तर लगेच देऊ नका : ठरवणं तुम्हाला हवंय, की सोबत राहणं?

मी दोन्हींत उच्च-नीच लावत नाही, हे कृपया लक्षात घ्या. त्या बाईंनी जे केलं ती नुसती माया नव्हती. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा अभ्यास करून दाखवलं की मेंदूच्या पुढच्या बाजूचा एक भाग दुखावला की समजतं सगळं, पण बोलता येत नाही. तो माणूस एकच अक्षर उच्चारू शकत होता. असे रुग्ण बोलू शकत नसले तरी पुष्कळदा गाऊ शकतात, हे फार पूर्वीपासून डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्यावर उभारलेली सुरांतून बोलण्याकडे नेणारी पद्धत बोस्टनमधल्या अभ्यासकांनी १९७३ साली मांडली. डाव्या हातावर अक्षरागणिक टकटक हा तिचाच भाग. आधी थेरपिस्ट, मग दोघं मिळून, मग रुग्ण एकटा, हा क्रमही त्यातलाच. तुम्ही घरात बसून एक शास्त्र पाहत होता आणि तुम्हाला ते इतकं बारकाईनं आठवतंय की मी फक्त तुमच्या वर्णनावरून पद्धत ओळखली. माणूस सहसा आपल्याला ओढणारी गोष्टच एवढ्या तपशिलात लक्षात ठेवतो.

आता वाटेबद्दल, कारण हिशोब तर करायलाच हवा.

तुम्ही कुठे शिकणार यावर पुष्कळ अवलंबून आहे. भारतात नीटसाठी वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे ३६ व्या वर्षी परीक्षेला बसता येतं. बारावीला जीवशास्त्र घेतलं नसेल, तर २०२३ च्या अखेरीस आलेल्या निर्णयाने तो विषय मागाहून अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होऊनही पात्र ठरता येतं. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. अभ्यासक्रम ९ वर्षांच्या आत संपवावा लागतो, आणि पहिलं वर्ष पार करायला चारच संधी मिळतात. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण नोकरी-घर सांभाळत शिकणाऱ्याला पहिलं वर्षच जड जातं. अमेरिकेत आधी पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. पण रसायन, जीव आणि भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय नसतील तर ते करून एमकॅट ही तिथली प्रवेश परीक्षा द्यायची, मग चार वर्षं, मग शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा प्रवेशमार्ग आहे, एरवी पाच किंवा सहा वर्षं. त्यानंतर दोन वर्षं फाउंडेशन, म्हणजे नव्या डॉक्टरांचं पायाभूत प्रशिक्षण, आणि मग पुढचं.

तुम्ही पंचेचाळिशीचा आकडा धरलाय, तो जरा तपासू. बाबांच्या आजारामुळे मेंदूविकारतज्ज्ञ व्हायचं मनात असेल (पत्रात म्हटलेलं नाही, पण मला शंका आहे), तर भारतात साडेपाच वर्षं, वर एमडीची तीन, वर डीएम या अतिविशेष पदवीची तीन. प्रवेशाच्या तयारीचं एक वर्ष धरलं आणि कुठेही अडलं नाही, तरी ४८ किंवा ४९. मधल्या प्रत्येक पायरीवर पुन्हा प्रवेश परीक्षा आहे, तेव्हा पन्नास धरा. साधी पदवी घेऊन कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करायचं असेल तर ४२ किंवा ४३. पुढे वीस-बावीस वर्षं काम करता येईल, आणि वीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

या ठिकाणी लोक एक वाक्य हमखास ऐकवतात, की वय काय, वाढणारच आहे, काही न करताही पंचेचाळीसच्या व्हालच. ते मला पटत नाही. मधली वर्षं रिकामी नसतात. तुमची मुलगी सहाची आहे, तुम्ही बाहेर पडाल तेव्हा ती निदान बारा-तेराची असेल. बाबा आज छोटी वाक्यं बोलतायत, त्यांचीही ही वर्षं आहेत. ही किंमत देऊ नका असं मी म्हणत नाही, पण ती शून्य आहे असं समजून पुढे जाऊ नका.

माझ्या हाताखाली एक विद्यार्थी होते. प्रवेश घेतला तेव्हा ३९ वर्षांचे, त्याआधी शाळेत शिक्षक. वर्गातली मुलं त्यांना सर म्हणायची आणि त्यांना ते अवघड व्हायचं. औषधशास्त्रात एकदा नापास झाले. पाठांतराचा वेग कमी पडायचा, आणि ते खरंच असतं. नवीन माहिती पटकन घेण्याचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो. शब्दसंपत्ती आणि साठलेलं ज्ञान मात्र पुढे बराच काळ टिकून राहतं. त्यांनी शेवटी एक केलं : वाचणं कमी केलं आणि पुस्तक मिटून स्वतःलाच विचारणं वाढवलं. त्यांच्या सासूबाई प्रश्नांची चिठ्ठी हातात घेऊन बसत आणि उत्तर बरोबर की चूक हे न कळताही मन लावून विचारत. दुसऱ्या वेळी ते चांगल्या गुणांनी सुटले.

त्यांची एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. एका वृद्ध बाईंचं रक्त काढायचं होतं. शिरा दोऱ्यासारख्या, कातडी कागदासारखी पातळ. दोन तरुण मुलांनी तीनदा टोचलं होतं आणि हात निळा पडला होता. हे आले, खुर्ची ओढून बसले. हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडायला सांगितला, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर ठेवलं आणि थांबले. पट्टा बांधला तोही सैलसर. मग डोळ्यांनी शोधायचं सोडून बोटाच्या टोकाने चाचपत राहिले, दाबलं की परत वर उसळते ती शीर सापडेपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांनी बाईंना त्यांच्या नातवंडांची नावं विचारली. सुई एकदाच गेली. ही सबुरी त्यांनी आमच्याकडून घेतली नव्हती, वर्गातल्या मुलांनी त्यांना शिकवली होती.

आणि दुसरी बाजूही ऐका. रात्रपाळीनंतरच्या सकाळी ते पिळून काढल्यासारखे दिसायचे. बावीस वर्षांची मुलं दोन तास झोपून ताजी व्हायची, यांना दोन दिवस लागायचे. सव्वीस वर्षांचा रेसिडेंट चारचौघांत ओरडला तर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आज ते उत्तम डॉक्टर आहेत. मध्यंतरी भेटले तेव्हा मी विचारलं, पुन्हा हेच कराल? ते लगेच हो म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, मुलाची शाळेची वर्षं मला आठवत नाहीत, मी तिथे नव्हतोच. ही दोन्ही उत्तरं मी तुम्हाला देतेय, कारण त्यांनी मला दोन्ही दिली.

अजून एका बाईंबद्दल सांगायला हवं. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या उशाशी त्या वर्षानुवर्षं बसल्या. वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन देण्याची तेव्हाची रीत त्यांना चुकीची वाटत होती. वेदना परत यायच्या आधीच, ठरावीक वेळांनी औषध दिलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. ते नर्स म्हणून म्हणता आलं असतं, बदलता आलं नसतं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका शल्यविशारदांनीच त्यांना सुचवलं की वैद्यकशास्त्र शिका, नाहीतर कोणी ऐकणार नाही. १९५१ मध्ये, ३३ व्या वर्षी त्यांनी सुरुवात केली. १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र, सुरू केलं. आजची हॉस्पिसची चळवळ तिथून वाढली.

त्यांचं उदाहरण उशिराचं आहे म्हणून देत नाहीये. त्यांच्याकडे असं एक काम होतं जे डॉक्टरकीच्या नोंदणीशिवाय होणारच नव्हतं. नर्स आणि समाजसेविका म्हणून जे काही करता येण्यासारखं होतं ते करून झालं होतं, आणि मग त्या एका भिंतीला येऊन थडकल्या होत्या. तुमची भिंत कोणती? ती सापडली, तर ३६ काय आणि ४२ काय, माझा तुम्हाला पाठिंबा आहे. नसेल सापडली, तर शोधण्याआधी राजीनामा देऊ नका.

स्पीच थेरपीचा रस्ता याहून खूपच लहान आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला, लागतील ते पूर्वतयारीचे विषय करून, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून या क्षेत्रात येता येतं. भारतात इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी आहे. 'डॉक्टर नाही झाले म्हणून थेरपिस्ट झाले' असं मात्र मनात ठेवून त्या दारातून आत जाऊ नका. अशी माणसं मी पाहिली आहेत, ती रुग्णासमोर बसतात पण लक्ष दुसऱ्या वॉर्डात असतं. तुमच्या बाबांसमोर बसलेल्या बाईंचं लक्ष कुठे होतं ते तुम्हीच लिहिलंय.

पैशांबद्दल थोडक्यात. फी डोळ्यांना दिसते, बुडालेला पगार दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तोच मोठा असतो. आजपासून सहा महिने घर फक्त नवऱ्याच्या पगारावर चालवून बघा, तुमचा पगार पूर्ण बाजूला टाका. जमलं तर पुढच्या खर्चाची सुरुवातही होईल. जमलं नाही, तर दोघं मिळून कागद घेऊन बसा. 'खुशाल कर' हे प्रेमाचं वाक्य आहे, पण त्यात मंगळवारी संध्याकाळी मुलीला आणायला कोण जाणार हे नाही, तिला ताप आला आणि तुमची रात्रपाळी असली तर काय हेही नाही. हे प्रश्न आत्ता विचारलेत तर ते नियोजन असतं, चौथ्या वर्षी निघाले तर भांडण. आईंचंही ऐका. त्यांना भीती तुमच्या वयाची नसावी, नवऱ्याच्या आजारपणानंतर मुलगीही दूर जाईल याची असावी. त्यांना थेट विचारून बघा.

आणि याच सहा महिन्यांत दोन गोष्टी करा. रोज पहाटे दीड तास रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन बसा, आवडो न आवडो. दुसरं, सुट्टीचे बारा दिवस काढा. सहा दिवस, रीतसर परवानगी घेऊन, एखाद्या वॉर्डात डॉक्टरांच्या मागे उभ्या राहा, त्यातली निदान एक पूर्ण रात्र असू द्या. सहा दिवस पुनर्वसन केंद्रात, बोलायला शिकणाऱ्या रुग्णांच्या खोलीत. रुग्णांना विचारूनच आत जा आणि त्यांचं काहीही बाहेर बोलू नका. हिरो किंवा देव शोधायला जाऊ नका, कंटाळा शोधायला जा. दोन्ही ठिकाणी तो पुष्कळ आहे. वॉर्डात फॉर्म आहेत, फोन आहेत, तेच प्रश्न पन्नासदा विचारणं आहे. पुनर्वसनात आठवडाभर एकाच अक्षरावर अडकून राहणं आहे.

त्या बारा दिवसांत एक छोटी वही जवळ ठेवा. घड्याळाकडे बघितलंत की वेळ लिहा, बाकी काही नाही. आणि रात्री घरी आल्यावर ज्या रुग्णाबद्दल सारखं मनात येत राहिलं त्याच्यापुढे एक ओळ : याच्यासाठी आज मला काय करावंसं वाटत होतं? औषध ठरवावंसं वाटलं, की शेजारी बसून राहावंसं?

बारा दिवस झाले की ती वही आणि तुम्ही जपून ठेवलेली बाबांची वही शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग मला पुन्हा लिहा, मी वाट बघेन. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढा त्यांना द्या.